सकाळचे मास्तर

दिवा लागला की बटण दाबायचं, एवढीच ती परीक्षा होती, आणि गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तर तीत पहिले आले. सगळा घोळ इथूनच सुरू झाला. परीक्षा सकाळी आठ वाजता झाली होती, आणि सकाळी आठला मास्तरांना स्वतःचं नाव विचारलं तरी ते जरा थांबून, आठवून सांगत.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कारखान्यात आलेलं प्रत्येक कापड आधी त्यांच्या लांबलचक टेबलावर पसरलं जाई आणि त्यांच्या कात्रीखालून गेल्याशिवाय शिलाईला पोचत नसे. माणूस दारातून आत आला की त्याचा एक खांदा किती उतरलाय हे ते लांबूनच सांगत. मात्र हे सगळं दुपारनंतर. सकाळी ते टेबल पुसत, खडूला टोक काढत आणि समोर येईल त्याच्यावर करवादत. जेवणं होऊन बाकीचं जग पेंगायला लागलं की त्यांचा मेंदू हळूहळू उघडायचा, आणि चारच्या सुमाराला त्यांनी कात्री हातात घेतली की बघणाऱ्याने बघत राहावं. थोरले मालक होते तोवर याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांना कापड नीट कापलेलं हवं असे, ते किती वाजता कापलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अशी शहाणी माणसं निवृत्त होतात आणि मागे त्यांचे मुलगे राहतात.

हे धाकटे मालक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असतं. कुणाचा मेंदू सकाळी तल्लख असतो, कुणाचा संध्याकाळी. ज्याचा जेव्हा चालतो त्याला तेव्हाच कामाला लावलं, तर चुका होणार नाहीत.

राग येतो तो इथेच. ही गोष्ट खोटी असती तर निभावलं असतं, पण ती शंभर टक्के खरी होती. मास्तर ती लहानपणापासून ओरडून सांगत होते. शाळेत सांगितली तेव्हा बाकावर उभं राहावं लागलं, घरी सांगितली तेव्हा वडिलांनी अंगावर पाणी ओतलं आणि लग्न झाल्यावर सांगितली तेव्हा सासूबाईंनी आपल्या मुलीकडे अशा काही नजरेने पाहिलं की मास्तरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. या जगाची सगळी व्यवस्था लवकर उठणाऱ्यांनी आपल्या सोयीने लावून ठेवलेली आहे. शाळा सकाळी, परीक्षा सकाळी, रक्त तपासायचं तेही सकाळी आणि उपाशीपोटी. पहाटे उठणारा माणूस आपोआप सद्गुणी ठरतो. तोच रात्री नऊला ताटावर डुलक्या घेतो, ते कोणी मोजायला जात नाही. आणि आता हीच गोष्ट कुणी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सांगितली, तर तिचं लगेच शास्त्र झालं.

तर परीक्षा. आदल्या संध्याकाळी मास्तरांचा मेहुणा मुक्कामाला आला होता, आणि पत्त्यांचा डाव मांडला की तो हरेपर्यंत उठत नसे. त्या दिवशी तो हरायलाच तयार नव्हता. उजाडलं तेव्हा मास्तर तोंडावर पाणी मारून तसेच कारखान्यात आले. म्हणजे घड्याळात सकाळचे आठ वाजले असले, तरी मास्तरांच्या अंगात कालची रात्र अजून रंगात होती. धाकट्या मालकांच्या फोनवर दिवा लागला की मास्तरांचं बोट पडलंच. एकही चूक नाही.

"जातिवंत सकाळचा मेंदू," धाकटे मालक म्हणाले. "आणि इतकी वर्षं तुम्ही दुपारी कापत होतात. केवढं नुकसान झालं असेल."

खरं काय ते मास्तरांनी त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण त्यांचाही नाइलाज होता. आयुष्यात कुठल्याच परीक्षेत त्यांचा नंबर वरून मोजायची वेळ आली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा फोटो भिंतीवर लागला आणि फोटोखाली 'सकाळचे मास्तर' असं रंगीत अक्षरांत आलं. अशा फोटोखाली उभं राहून 'मी रात्रभर पत्ते खेळत होतो' असं सांगायला फार मोठं मन लागतं. मास्तरांचं मन त्या वेळी मध्यम मापाचं होतं.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही झोपलाच कुठे होतात?"

"ते त्यांनी विचारलं नाही," मास्तर म्हणाले.

दुसरा अन्याय काकूंवर झाला. काकू शिलाई विभागाच्या प्रमुख. त्या पाखरांच्या आधी उठत, आणि कारखाना उघडेपर्यंत त्यांचं घरचं निम्मं काम उरकलेलं असे. सकाळी काकूंच्या नजरेतून वाकडा टाका सुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी नेमका त्या चष्मा घरी विसरल्या आणि त्यांना दिवा दिसलाच नाही. त्या शेवटच्या आल्या. धाकट्या मालकांनी निकाल दिला की काकू संध्याकाळच्या आहेत, आणि त्यांची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत लावली. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक केबिनमध्ये शिरल्या आणि दिवेलागणीनंतर आपल्याला स्वतःचा मुलगा आणि जावई यांच्यातला फरक कळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ही केवळ सवय आहे आणि ती मोडता येते, असं उत्तर मिळालं. चष्म्याचं कारण त्यांनी सांगून पाहिलं, तेव्हा मालक समजूतदारपणे हसले. कमी मार्क मिळालेला प्रत्येक जण काही ना काही सांगतोच, असं ते हसणं होतं.

काकूंना निदान भांडता तरी आलं. मास्तरांना तीही सोय नव्हती, कारण एक यंत्र दाराशी येऊन थांबलं होतं. म्हणजे अजून यंत्र नव्हे, यंत्र विकणारा गृहस्थ. तो आठवड्यातून एकदा यायचा, मास्तरांच्या टेबलाची लांबी-रुंदी मोजायचा आणि मास्तर तिथे उभेच नाहीत अशा थाटात मालकांना सांगायचा की आमचं कटिंगचं यंत्र बरोबर इथे बसेल. त्याला झोप लागत नाही, मूड लागत नाही, सकाळ-संध्याकाळ त्याला सारखीच.

"मी थांबलोय तो तुमच्यासाठी, मास्तर," धाकटे मालक त्यांना बाजूला घेऊन म्हणाले. "सकाळचा असा मेंदू हाताशी असताना यंत्र कशाला? उद्यापासून सहाला सुरू करू या."

म्हणजे 'मी सकाळचा नाही' असं म्हटलं की टेबल गेलं. ज्या टेबलावर मास्तरांनी केस पिकवले, ते हलवून तिथे एक लोखंडी पेटारा येणार आणि मास्तर त्याच्यावरची धूळ पुसणार. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मास्तरांनी मान डोलावली.

घराची पार दैना झाली. सातला दिवे मालवायचे असा हुकूम निघाला. बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून भांडी हलक्या हाताने लावली, शेजारच्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं, आणि मास्तर अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिले. रात्री बारापर्यंत त्यांना इतक्या उत्तम कल्पना सुचत की बिचारे हैराण होऊन जात. डोळा लागतो न लागतो तोच पहाट. बायको उत्साहाने हाक मारी, आणि कुणी भल्या पहाटे उत्साहाने हाक मारली की मास्तरांना त्या माणसाबद्दल जे काय वाटे, ते इथे लिहिता येणार नाही. सहाला ते टेबलाशी हजर होत. दोनला सुटत, घरी येऊन आडवे होत आणि दिवे लागायच्या वेळी जागे होत. म्हणजे दिवसातले त्यांचे जे खरे सोन्याचे तास, ते उशीवर जात आणि उरलेला गाळ कारखान्याला मिळे. याला कार्यक्षमता म्हणायचं, असं शिबिरात ठरलं होतं.

अशातच एका मोठ्या नव्या हॉटेलच्या वेटरांच्या कोटांचं काम आलं. पांढऱ्या पट्टीचे काळे कोट, सगळे एका सुट्टीच्या दिवशी हॉटेल उघडण्याआधी हवे. धाकटे मालक म्हणाले, हे काम नीट उतरलं तर यंत्राचा विषय मी कायमचा बंद करतो. नाही उतरलं तर मात्र, मास्तर, माझा नाइलाज आहे.

कोटाची बाही ही सदऱ्याच्या बाहीसारखी सरळ नसते. कोपरापाशी ती हाताप्रमाणे पुढे वळलेली असते, म्हणून डावी वेगळी आणि उजवी वेगळी. कापडाच्या घड्या एकमेकींकडे तोंड करून अंथरल्या की एकाच कापात डावी आणि उजवी अशी जोडी निघते. हे मास्तर कुणालाही झोपेत सांगू शकले असते. त्या दिवशी त्यांनी ते झोपेत करूनही पाहिलं. सगळ्या घड्या एकाच बाजूला तोंड करून अंथरल्या, नमुना ठेवला, खडू फिरवला आणि कात्री चालवली. निघाल्या त्या सगळ्या बाह्या उजव्या.

एरवी हे शिलाईला गेल्या क्षणी पकडलं गेलं असतं. काकूंनी पहिलीच बाही उचलली असती आणि मास्तरांचं नाव घेत सगळा गठ्ठा परत आणून आपटला असता. पण गठ्ठा उघडला संध्याकाळी, आणि त्या वेळी काकू एका हाताने जांभई आवरत दुसऱ्या हाताने कापड पुढे सरकवत होत्या. डाव्या खांद्याला बाही हवी होती, बाही हातात होती, त्यांनी ती जोडली. एका कोटाला जमलं ते सगळ्यांना जमलं. शेवटची तपासणी स्वतः धाकट्या मालकांनी केली, भरपेट जेवणानंतर. त्यांनी बटणं मोजली. ती बरोबर भरली.

कोट गेले त्या दिवशी मास्तर नेहमीप्रमाणे दोनला घरी येऊन पडले. पण शेजारी कुणीतरी भिंतीत खिळे ठोकायला घेतले आणि मास्तरांना झोप लागेना. चार वाजले. कित्येक दिवसांनी चार वाजता ते जागे होते. आणि मेंदू जुन्या सवयीने उघडला, त्याने आठवड्यातली कामं एकेक करून डोळ्यांखालून घालायला सुरुवात केली. काळ्या कापडापाशी तो अडला. मास्तरांना स्वच्छ दिसलं. कापडाची सुलटी बाजू वर, त्यावर पुन्हा सुलटी वर, पुन्हा सुलटी वर.

ते ताडकन उठून बसले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बायको धावत आली.

"काय झालं हो?"

"सगळ्या उजव्या," मास्तर म्हणाले, चपला पायात सरकवत. "अगं, सगळ्याच्या सगळ्या उजव्या कापल्यात मी."

वाटभर ते स्वतःवर, मेहुण्यावर आणि जगातल्या तमाम लवकर उठणाऱ्यांवर चिडत होते. अशा कोटात डाव्या हाताची काय गत होईल हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बाही मागे वळलेली, त्यामुळे हात सारखा पाठीकडे ओढला जाणार. कुणाला कळायच्या आत सगळे कोट परत घ्यायचे, बाह्या उसवायच्या आणि आजची संध्याकाळ मिळाली तर त्यांचं काहीतरी करायचं, असा त्यांचा बेत होता. जमलं नाही, तर टेबलाचा निरोप घ्यायचा.

हॉटेलात पोचले तेव्हा उशीर झाला होता. दालनात सगळे वेटर कोट घालून एका ओळीत उभे होते आणि त्यांचा मॅनेजर त्यांच्यासमोरून फेऱ्या मारत होता. मास्तरांनी पाहिलं. प्रत्येकाचा उजवा हात मोकळा होता आणि प्रत्येकाचा डावा हात कमरेच्या मागे गेलेला होता. एकाने तो पुढे आणून नाक खाजवलं. हात सोडल्याबरोबर बाहीने तो हळूच परत जागेवर नेऊन ठेवला.

"साहेब, हे कोट," मास्तर कसेबसे म्हणाले, "मी परत न्यायला आलोय. माझ्याकडून—"

"तुम्ही कापलेत?" मॅनेजरने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "दुसरा हात पाठीमागे ठेवून वाढायचं, हे मी वेटर लोकांना सांगून सांगून म्हातारा झालो हो. शिकवतो, रागावतो, पाठ वळली की हात पुन्हा खिशात. आज कोट घातले आणि एकही जण चुकला नाही. कोटाने शिस्त लावता येते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं."

मास्तरांनी एका वेटरच्या खांद्याला हात लावून पाहिला आणि ते बुचकळ्यात पडले. उलट्या बाहीने खरं म्हणजे खांद्याला चुण्या पडायला हव्या होत्या, काखेत काचायला हवं होतं. तसं काहीच नव्हतं. झोपेत त्यांनी बगलेचा घेरसुद्धा कुठेतरी असा काही तिरका कापला होता की चुकीची बाही तिथे सुखाने नांदत होती.

मॅनेजरने तिथल्या तिथे कारखान्यात फोन करून स्वागतावरल्या, सामानावरल्या, दारावरल्या सगळ्या माणसांसाठी असेच कोट हवेत असं कळवून टाकलं. मास्तर कारखान्यात पोचेपर्यंत बातमी तिथे पसरली होती. यंत्रवाला केबिनमध्ये बसला होता, आणि तुमच्या यंत्राला असे कोट कापता येतील का, असं मालक त्याला विचारत होते. यंत्र डावं-उजवं आपोआप जुळवून घेतं, त्याला चूक करताच येत नाही, असं तो घायकुतीला येऊन सांगत होता. जे जन्मभर त्याचं भांडवल होतं, ते त्या दिवशी त्याच्या अंगाशी आलं. तो मोजपट्टी गुंडाळून निघून गेला.

"बघितलंत मास्तर?" धाकटे मालक उठून उभे राहिले. "याला म्हणतात सकाळचा मेंदू. मी म्हणत नव्हतो?"

मास्तरांनी इथे गप्प बसायला हरकत नव्हती. टेबल वाचलं होतं, फोटो भिंतीवर होता. पण इतक्या रात्री अंधारात छताकडे बघत काढल्यावर, आपली चूक सकाळच्या नावावर जमा झालेली त्यांना सहन झाली नाही. शिवाय साडेपाच वाजले होते आणि त्यांचा मेंदू ऐन भरात होता.

"सकाळचा मेंदू मला देवाने दिलेलाच नाही," ते म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी मी झोपलोच नव्हतो, रात्रभर पत्ते खेळत होतो. हे कोट मी झोपेत कापले, काकूंनी झोपेत शिवले आणि तुम्ही जेवून येऊन झोपेत पास केलेत. घड्याळ प्रत्येकाचं असतं, मालक, पण ते त्याला विचारायचं. फोनला कसलं विचारता?"

दारात काकू येऊन उभ्या होत्या. त्यांनी एक मोठी जांभई दिली, आणि ती पुराव्यासारखी खोलीभर पसरली. धाकटे मालक खुर्चीच्या पाठीवरची शिवण चाचपत राहिले. माणूस मुळात वाईट नव्हता. शेवटी त्यांनी उद्यापासून दोघांनीही आपापल्या जुन्या वेळेला यावं असं सांगितलं आणि स्वतःच्या हाताने भिंतीवरचा फोटो काढून मास्तरांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर मनसोक्त झोपून आले. चार वाजता त्यांनी बाह्या सरसावल्या आणि हॉटेलचे पुढचे कोट कापायला घेतले. एक घडी अंथरली. दुसरी त्याच तोंडाने अंथरायची होती, पण हातांनी ती सवयीने उलटली. मास्तरांनी ती सुलटी केली, तिसरी उचलली, हातांनी ती उलटली. शेवटी दात-ओठ खात त्यांनी सगळ्या बाह्या उजव्या कापल्या, तर बगलेचा घेर जमेना. जाग्या डोळ्यांनी बघताना तो तिरका कसा कापायचा हेच त्यांना उमजेना, आणि ते काही केल्या बरोबरच कापून बसत. काकूंनी सकाळी ताज्या नजरेने नमुन्याचा कोट शिवायला घेतला आणि ही बाही चुकलीय म्हणून दोनदा परत पाठवला. कसाबसा तयार झालेला कोट हॉटेलात एका वेटरला घातला, तेव्हा त्याचा डावा हात मागे जाऊन तिथेच अडकला आणि कोट उसवून त्याला सोडवावं लागलं. मॅनेजरने अतिशय नम्रपणे विचारलं, की आधीचे ज्यांनी कापले ते मास्तर रजेवर आहेत का.

धाकटे मालक त्या संध्याकाळी मास्तरांच्या टेबलाशी येऊन नुसतेच उभे राहिले. मास्तरांनाच त्यांची दया आली, आणि दयेपेक्षा जास्त संताप आला, पण तो नेमका कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

"सहाला?" त्यांनी विचारलं.

"सहाला आलात तर फार बरं होईल," मालक खालमानेने म्हणाले. "काकूंनाही संध्याकाळचं विचारलंय. त्या जे बोलल्या ते मी सांगत नाही. पण येते म्हणाल्यात."

पहाटे बायकोने हाक मारली. मास्तर भिंतीला धरून उठले, एक चप्पल स्वतःची आणि एक बायकोची घालून दारापर्यंत पोचले. बायकोला त्यांचा तो अवतार बघवेना.

"थांबा, दोन मिनिटांत चहा टाकते," ती म्हणाली. "निदान घोटभर तरी घेऊन जा."

"नको," मास्तर मिटल्या डोळ्यांनी, तिच्यावर खेकसत म्हणाले, "जाग आली तर काम बिघडेल."